पहिल्यांदा तंबूत झोपणाऱ्यांना घेऊन पर्वतीय राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चौदा जणांचा गट आहे, त्यातले नऊ जण पहिल्यांदाच तंबूत झोपणार आहेत. पर्वतीय राष्ट्रीय उद्यानात चार मुक्काम करायचे, सगळ्यांत उंच मुक्काम साधारण ३५०० मीटरवर. हातात सहा महिने आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि सामानाची पक्की यादी मिळेल का?

सामानाबद्दल शेवटी थोडं सांगते, कारण ते खरंच थोडं आहे. मी गेली बावीस वर्षं असे गट घेऊन डोंगरात जाते. वस्तू राहिली म्हणून फिसकटलेली सहल मला आठवून काढावी लागते. कोण किती चालू शकतं हे कुणी आधी पाहिलंच नव्हतं, किंवा परत फिरायचं कुणी ठरवायचं हे बोललेलंच नव्हतं, म्हणून बिघडलेल्या सहली मात्र एका दमात सांगता येतील. त्यामुळे सहा महिन्यांतले पहिले तीन माणसांवर आणि मार्गावर घालवा. तंबूंची दुकानं नंतर.

पण त्याच्याही आधी तुमचा ‘चौदा’ हा आकडा तपासा. राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाचे नियम गटाच्या आकारावर ठरतात आणि ते प्रत्येक उद्यानात वेगळे असतात. अमेरिकेतल्या योसेमिटीत पायवाटेने जाणाऱ्या गटाला पंधरा जणांची मर्यादा आहे, पायवाट सोडून आत शिरायचं तर आठांचीच. तिथल्या गाडीरस्त्याकाठच्या साध्या तंबूजागेवर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, मोठ्या गटांसाठी वेगळ्या जागा आहेत. किलिमांजारोवर परवानाधारक वाटाड्याशिवाय चढता येत नाही. आणि १९१४ साली स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानात तर तंबू लावायलाच बंदी आहे, वाट सोडायलाही. ‘राष्ट्रीय उद्यान आहे म्हणजे कॅम्पिंग असणारच’ असं धरून तिकिटं काढलेले लोक मी पाहिले आहेत. तुम्ही निवडलेल्या उद्यानाच्या कार्यालयाला आधी पाच गोष्टी विचारा: गटाची कमाल संख्या, तंबू कुठे चालतात, परवाना किती आधी आणि कुणाच्या नावाने निघतो, विस्तव चालतो का, आणि अन्न कसं ठेवायचं याचे नियम. उत्तर लेखी मागा. लोकप्रिय उद्यानांत मोठ्या गटाच्या जागा सगळ्यांत आधी संपतात, म्हणून सहा महिने हा काही फार मोठा अवधी नाही.

आता माझं स्पष्ट मत. नियमात बसत असले तरी चौदा जण एकत्र नेऊ नका. सात-सातच्या दोन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीचा म्होरक्या वेगळा, स्टोव्ह वेगळा, भांडी वेगळी, औषधांची पेटी वेगळी. मुक्काम एकाच ठिकाणी करा, संध्याकाळी एकत्र बसा, पण चालताना आणि रांधताना दोन स्वतंत्र घरं असल्यासारखं वागा. मोठ्या गटाचा वेळ कुठे जातो हे एकदा घड्याळ लावून पाहिलं की पटतं. पाच मिनिटांचा थांबा चौदा जणांत वीस मिनिटांचा होतो. कुणी बुटाची नाडी बांधायला बसतं, त्याचं होईतो दुसऱ्याला जॅकेट काढायचं असतं, तिसऱ्याची बाटली सॅकच्या तळाशी असते. दिवसात असे सहा थांबे झाले की दोन तास गेले. सात जणांत हे निम्म्याहून कमी होतं, शिवाय कुणी मागे राहिलं तर लगेच लक्षात येतं.

तुकडी पाडण्यामागे आणखी एक हिशेब आहे आणि तो फार थोडे लोक करतात. समजा सातांतला एक आजारी पडला आणि त्याला खाली न्यायचं आहे. त्याला एकट्याने पाठवायचं नाही. एकच सोबती दिला आणि त्याचाच पाय मुरगळला तर दोघंही अडकतील. म्हणजे दोन सोबती, आणि त्यांतला एक तरी वाट जाणणारा. तीन गेले, चार उरले. त्या चौघांजवळ तंबू, स्टोव्ह, नकाशा आणि एक अनुभवी माणूस उरला पाहिजे. खाली गेलेल्या तिघांजवळही रात्र काढण्यापुरता तंबू हवा. हे गणित मांडलं की तुकडीत किमान दोन जाणकार हवेत, तंबू सहा-सात माणसांचा एकच मोठा न घेता दोन-तीन माणसांचे छोटे घ्यावेत, आणि सगळ्या काड्या-काठ्या एकाच सॅकमध्ये भरू नयेत, हे आपोआप कळतं. तुमच्याकडे पाच अनुभवी आहेत. दोन तुकड्यांना पुरेसे आहेत.

मग माणसं. प्रत्येकाशी एकेकट्याने बोला, फोनवर का होईना. सगळ्यांसमोर ‘कुणाला काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर कुणालाच काही नसतं. एकट्याला विचारलं की दमा निघतो, गुडघ्याची शस्त्रक्रिया निघते, रोजच्या गोळ्या निघतात, एखाद्या खाद्यपदार्थाची अ‍ॅलर्जी निघते, उंचीची भीती निघते. मी नेहमी विचारते की या सहलीत तुला सगळ्यांत जास्त कशाची काळजी वाटते. उत्तर बहुतेक वेळा थंडी, शौचाची सोय किंवा ‘माझ्यामुळे सगळे खोळंबतील’ यांपैकी एक असतं. हे तिसरं उत्तर नीट लक्षात ठेवा. असा माणूस डोंगरात त्रास लपवतो.

एकदा माझ्या गटातली एक मुलगी संध्याकाळी स्वयंपाकाच्या जागेपासून जरा दूर दगडावर बसली होती. वाटी हातात, चमचा वाटीत, पण घास काही उचलत नव्हती. विचारलं तर म्हणाली, भूक नाहीये, दमलेय. हेडटॉर्चच्या उजेडात पाहिलं तर ती प्रत्येक वेळी मान वळवायच्या आधी डोळे मिटून घेत होती. डोकं दुपारपासून ठणकत होतं आणि दोनदा उलटी झाली होती, झुडपामागे जाऊन, कुणाला न सांगता. आम्ही दुसऱ्या दिवशी ज्या मुक्कामाला जाणार होतो तो चारशे मीटर वर होता. ती सकाळी निमूट चालायला लागली असती. तिला उतरवलं, संध्याकाळपर्यंत ती पोटभर जेवत होती. तेव्हापासून मी निघण्याआधीच सगळ्यांना सांगते की पहिल्यांदा ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणारा माणूस गटाचं काम सोपं करतो, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारते. डोकं दुखतंय का, जेवलास का, लघवी झाली का, झोप लागली का. चार प्रश्न, प्रत्येकाला.

सहलीच्या आधी दोन सराव फेऱ्या कराच. पहिली, पूर्ण वजन पाठीवर घेऊन दिवसभराची. दुसरी, एक रात्र तंबूत, शक्यतो पावसाळी हवेत. नवीन नऊ जणांनी तंबू उभा करायचा, जुन्यांनी हात मागे बांधून बघायचं. कुठला खांब कुठे जातो हे पहिल्यांदा ३००० मीटरवर वाऱ्यात शोधायची वेळ येऊ नये. आणि पहिल्या फेरीत सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेळ लिहून ठेवा. सहलीचं वेळापत्रक त्या आकड्यावर बेतायचं.

वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे नऊ किलोमीटर अंतर आणि ७५० मीटर चढ असेल तर साधारण तीन तास. पण नेस्मिथच्या डोळ्यांसमोर धडधाकट, हलक्या वजनाने चालणारी, न थांबणारी माणसं होती. पाठीवर बारा-चौदा किलो, विरळ हवा आणि नवखे सोबती असताना मी त्या आकड्याची दुप्पट धरते. सहा तास. दुपारी तीनला तंबू लागलेला हवा असेल तर सकाळी नऊच्या आत सगळ्यांचे पाय वाटेवर हवेत, त्यासाठी साडेसहाला उठणं आलं, कारण चौदा जणांना आवरून तंबू गुंडाळायला पहिल्या दिवशी दोन तास लागतात. मग नकाशावर ज्या मार्गाला आठ-नऊ तास लागणार असं दिसतं, तो मार्ग या गटासाठी नाही. तो पुढच्या वर्षी.

दुपारी तीनचा आग्रह का, तर डोंगरात उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात आणि विजा होतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा धार, शिखर, एकटं उभं झाड सोडायचं, खाली उतरायचं, एकमेकांत अंतर ठेवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. हिमनद्यांतून आलेले ओढेही सकाळी कमी असतात आणि उन्हाने बर्फ वितळून दुपारी फुगतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेली माणसं संध्याकाळी परतताना मांडीएवढ्या पाण्यासमोर उभी राहतात. तुमच्या मार्गात पुलाविना ओढा असेल तर तो दिवस त्या ओढ्याभोवती आखा.

उंचीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ३५०० मीटर ही गंभीर उंची आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही सपाटीच्या ६५ टक्केच. त्रास साधारण २५०० मीटरपासून सुरू होऊ शकतो. व्यायाम करणारा माणूस सुरक्षित असतो हा गैरसमज आहे. उलट तोच भरभर वर जातो आणि आधी आडवा होतो. मान्य झालेला नियम असा की ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. महत्त्वाची उंची झोपायची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलात तर चांगलंच.

तुमच्या चार मुक्कामांत हे २५००, ३०००, ३५०० आणि उतरताना २६०० असं बसवता येईल, पण काठावर. थेट सपाटीवरून गाडीने २५०० ला पोचून दुसऱ्या दिवशी लगेच वर निघणार असाल तर मला ते आवडणार नाही. एक मुक्काम वाढवा आणि ३००० वर दोन रात्री काढा. सुट्टी वाढत नसेल तर सगळ्यांत उंच मुक्काम ३२०० वर आणा. वरून दिसणारा देखावा तीनशे मीटरने फारसा बदलत नाही.

नव्या उंचीवर आल्यावर डोकं दुखायला लागलं, सोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर असली, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. हलका त्रास असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी वाढला तर खाली. दोन खुणांना मात्र वेळच द्यायचा नाही. एक, माणूस स्वस्थ बसलेला असतानाही धापतो, खोकतो. दोन, सरळ चालता येत नाही. जमिनीवर रेघ ओढा आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत चालायला सांगा. झोकांड्या गेल्या, बोलणं असंबद्ध झालं तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता आहे. पहिली खूण फुप्फुसात पाणी साठण्याची. दोन्हीत ताबडतोब उतरायचं, रात्र असली तरी, सोबत्यांसह, आणि त्याच वेळी मदत मागवायची. आधी घ्यायच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, कारण प्रत्येकाला त्या चालत नाहीत.

आता परत फिरण्याचा प्रश्न. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या शेकडो अपघातांचा अभ्यास करून २००४ साली दाखवलं की धोका समजण्याची अक्कल असलेली माणसंही ओळखीच्या जागी, ध्येय जवळ आलेलं असताना आणि इतरांच्या देखत चुकीचे निर्णय घेतात. बर्फ नसलेल्या डोंगरातही मी हेच पाहत आले आहे. चौदा जणांच्या गटात सात जणांच्या मनात ‘आता वळूया’ असतं आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना जायचंय. म्हणून दोन गोष्टी घरीच, लेखी ठरवा. प्रत्येक दिवसाची परतीची वेळ: उदाहरणार्थ, दुपारी बारापर्यंत खिंड गाठली नाही तर जिथे असू तिथून मागे, शंभर पावलं उरली असली तरी. आणि निर्णयाचा अधिकार: परत फिरायचं म्हटलं तर म्होरक्याचा शब्द शेवटचा, त्यावर मतदान नाही, पुढे जायचं म्हटलं तर मात्र एकाचाही नकार पुरे. रोज संध्याकाळी उद्याचं बोलताना सगळ्यांत नवख्या माणसाला आधी बोलू द्या. अनुभवी माणूस आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात.

चालताना सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मागे जाणकार. मागच्याने कुणालाही मागे टाकायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं आणि मागचा माणूस डोळ्यांना दिसल्यावरच हलायचं. आणि मागाहून आलेल्यालाही तेवढीच विश्रांती मिळू द्या. तो धापा टाकत पोचतो आणि आधीच दम खाल्लेले उठून चालायला लागतात, हे फार क्रूर आहे आणि जवळजवळ प्रत्येक गटात घडतं.

मुक्कामाची जागा ठरलेली असेल तर प्रश्न नाही. निवडायची असेल तर आधी वर बघा: वाळकं झाड, लोंबती फांदी, सुटे दगड असलेला उतार असेल तर पुढे चला. मग खाली बघा. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून ओघळून दरीच्या तळाशी साचते, म्हणून तळापासून थोडं वर, झाडांच्या कडेला तंबू लावला तर ऊबही जास्त आणि आतून दवही कमी. सपाट, मऊ वाळूची लांबट पट्टी दिसली की नवख्यांना ती फार आवडते. आम्हीही एकदा अशा पट्टीवर तंबू लावले होते, वर आभाळ स्वच्छ होतं. पाऊस पडला तो दोन डोंगर पलीकडे. रात्री दोनच्या सुमारास माझ्या पाठीखाली मॅट हलल्यासारखी वाटली, हात बाहेर काढला तर जमीन गार आणि लिबलिबीत, आणि कुठून तरी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज. ती वाळूची पट्टी म्हणजे ओढ्याचं पात्र होतं. सगळे अनवाणी, तंबू ओढत, वीस पावलं चढून गेलो. सकाळी आमच्या चुलीच्या जागेवरून गुडघाभर पाणी वाहत होतं. गवत एकाच दिशेने झोपलेलं, खडे एकाच आकाराचे आणि धुतलेले, काटक्या झुडपांना अडकलेल्या, एवढं दिसलं की ती जागा पाण्याची आहे.

पाण्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं, दूर राहा. पाणी आणण्याचा त्रास होतो खरा, पण रानातली जनावरंही तिथेच येतात आणि चौदा जणांच्या वावराने काठ तुडवला जातो.

पाण्याचा हिशेब मोठ्या गटात वेगळाच होतो. पिणं आणि रांधणं धरून माणशी चार लिटर, म्हणजे चौदा जणांना रोज ५६ लिटर. मिनिटाला एक लिटर देणारा फिल्टर असला तरी तासभर कुणीतरी वाकून बसलेलं हवं. म्हणून दोन फिल्टर न्या, आणि हे काम रोज नेमून द्या. उकळून प्यायचं तर खळखळ उकळी एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. ३००० मीटरवर सुमारे ९० अंशांना. यामुळेच डाळी-कडधान्यं तिथे शिजता शिजत नाहीत. उंचीवर नुसतं गरम पाणी घालून होणारं किंवा पटकन शिजणारंच अन्न न्या.

इंधन अंदाजाने भरू नका. घरी स्टोव्हवर एक लिटर पाणी उकळा, आधी आणि नंतर गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवा, फरक लिहा. सहलीत रोज किती लिटर उकळणार ते मोजा, गुणा, आणि वारा-थंडीसाठी निम्म्याने वाढवा. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हिशेब बदलतो. नुसता बर्फ वितळायला लागणारी उष्णता तेवढंच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवण्याइतकी असते. गॅसच्या डब्यावर घटक वाचा. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप व्हायचंच थांबतो आणि पहाटे स्टोव्ह मिणमिणतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण चालतं. आणि कितीही पाऊस असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त आहे, त्याला वास नसतो. स्वयंपाकासाठी वेगळं छत बांधा. मोठ्या गटात ते दिवाणखान्याचंही काम करतं.

कोरडं अन्न माणशी दिवसाला सातशे ग्रॅमच्या आसपास धरा. चौदा जणांचं चार दिवसांचं जवळजवळ चाळीस किलो होतं, आणि हे वजन पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त असतं, नेमकं पाय सरावलेले नसताना. तुकडीनुसार आणि दिवसानुसार पिशव्या भरा, वर दिवस लिहा, पहिल्या दिवसाची पिशवी सगळ्यांत दमणाऱ्याच्या पाठीवर द्या म्हणजे त्याचं ओझं आधी उतरेल. अस्वलांचा प्रदेश असेल तर टूथपेस्ट, साबण, मलमं हेही अन्नच समजायचं. अस्वलाला वास कळतो, डब्यावरचं नाव कळत नाही. योसेमिटीच्या रानात मुक्कामाला अस्वलरोधक डबा सक्तीचाच आहे, कारण तिथली अस्वलं गाड्यांची दारंसुद्धा उचकटत आली आहेत. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी माणसाच्या हातून मारलं जातं. आपल्या एका उघड्या पिशवीची ती किंमत असते, म्हणून या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. तंबूत खाऊ ठेवायचा नाही, रात्रीच्या भुकेसाठीही नाही.

शौचाविषयी लोक बोलायला लाजतात आणि मग पोटं बिघडतात. शौचालय नसलेल्या जागी: पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून सत्तर पावलं दूर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती. कागद आणि पाळीच्या वस्तू पुरायच्या नाहीत, बंद पिशवीतून परत आणायच्या. त्यासाठी प्रत्येकाला एक अपारदर्शक पिशवी आधीच द्या, म्हणजे कुणाला मागावी लागत नाही. काही उद्यानांत विष्ठाही परत न्यावी लागते, ते परवान्याच्या वेळीच कळेल. संध्याकाळी पोचल्याबरोबर दोन दिशा ठरवून सगळ्यांना दाखवा, उजेड असताना. आणि स्वयंपाकाच्या जागेच्या वाटेवर साबण-पाण्याची बाटली टांगा. सॅनिटायझरवर सगळं सोडू नका, जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. एकाच्या हातून सगळ्यांच्या ताटात गेलेला आजार मी दोनदा पाहिला आहे.

आता सामान, म्हटल्याप्रमाणे थोडक्यात. उंची दर हजार मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. १००० मीटरवर वीस अंश असेल तर ३५०० वर चारच्या आसपास, आणि ते दिवसाचं. रात्री शून्याखाली जाईल. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’ लिहिलेला बघा. ‘एक्स्ट्रीम’ हा जीव वाचवण्याचा आकडा आहे, झोपेचा नाही. पैसे कमी असतील तर बॅगपेक्षा मॅटवर खर्च करा, कारण थंडी जमिनीतून चढते आणि अंगाखाली दबलेली बॅग ऊब देत नाही. अंगावर सुती काहीही नको, ओलं झालं की वाळत नाही. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, जलरोधक पिशवीत, दिवसा कितीही थंडी वाजली तरी ते बाहेर काढायचे नाहीत. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतःचा. नवे बूट सहलीत घालायचे नाहीत. बाकी ताटली-वाटी ज्याची त्याने आणावी. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या सॅक जमिनीवर उलट्या करून बघा. अर्धं सामान तिथेच कमी होतं.

पैशांचं एकच सांगते. वर्गणी आधी जमा करा, आणि आयत्या वेळी गळणाऱ्याचे किती परत मिळणार हे वर्गणी घेतानाच लिहून द्या. परवाना आणि गाडीचे पैसे माणूस गळला तरी भरावेच लागतात आणि त्यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. चौदांतले दोन तरी गळतील असं धरूनच तंबू आणि कामं वाटा.

शेवटचं काम कागदाचं. डोंगरात न येणारा एक जबाबदार माणूस निवडा आणि त्याच्याकडे एक पाकीट द्या: सगळ्यांची नावं, घरचे फोन, रक्तगट, औषधं, तारखेनुसार मुक्काम, परवान्याची प्रत, उद्यानाच्या कार्यालयाचा आणि बचाव पथकाचा क्रमांक. त्याखाली ठळक अक्षरांत एक तारीख आणि एक वेळ. तोवर आमच्याकडून काही कळलं नाही तर या क्रमांकावर फोन कर, असं लिहा. त्या वेळेत ओढा फुगून एक रात्र अडकण्याइतकी फट ठेवा, नाहीतर उगाच शोध सुरू होईल. त्या वेळेनंतर मात्र त्याने ‘अजून तासभर बघू’ म्हणायचं नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. मोबाइलला रेंज येईल यावर काही बेतू नका. शक्य असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या आणि ते दोन तुकड्यांतल्या मागच्या तुकडीकडे ठेवा. आणि खाली उतरल्यावर पहिला फोन त्या माणसाला, सॅक खांद्यावरून उतरवण्याआधी. तो कोण करणार त्याचं नावही पाकिटावरच लिहून ठेवा, म्हणजे ‘मला वाटलं तू केलास’ असं होणार नाही.